लंगर नंबर एक

मेजर माझ्यावर पहिल्यांदा रागावले ते 'असू दे' या दोन शब्दांवरून. नोकरीचा माझा चौथा की पाचवा दिवस होता. सर्व्हरच्या खोलीत लोखंडी टेबलावर एक दोनशे पानी वही कायम उघडी असायची. तिच्यात पट्टीने तीन रकाने आखलेले: काय ठेवलं, का ठेवलं, कुठवर ठेवायचं. मी एका मशिनची जादा प्रत काढून ठेवली होती आणि 'का'च्या रकान्यात लिहिलं होतं, 'असू दे'. मेजरांनी ते वाचलं, खिशातून खोडरबर काढला, दोन्ही शब्द पुसले, पुसल्याचा चुरा तळहातावर गोळा करून डब्यात टाकला आणि वही माझ्यापुढे सरकवली.

"ताई, 'असू दे' हे कारण न्हाई. कारण लिवा."

मला कारण सापडेना. प्रत गेली. लोणंदहून दीड तास एसटीत उभं राहून साताऱ्याला यायचं ते काय या खडूस माणसाकडून वही लिहायला शिकायला, असं मी त्या दिवशी मनात म्हटलं.

एक गोष्ट आधीच सांगून टाकते. पुढचं सगळं मी मायेनं सांगणार आहे आणि त्या मायेत ती बुडून जायला नको. या माणसाच्या आयुष्यातले सगळ्यात मोलाचे चार दिवस माझ्या एका चुकीपायी गेले. त्यांनी त्यावर मला कधी एक शब्द विचारला नाही, आणि मीही बरीच वर्षं स्वतःहून काही बोलले नाही.

मेजर म्हणजे खरे मेजर नव्हेत. आमच्याकडे फौजेतून आलेल्या प्रत्येकाला मेजर म्हणतात, मग तो स्वयंपाकी असो की ड्रायव्हर. हे फौजेच्या सिग्नल म्हणजे संदेशवहन विभागातून हवालदार होऊन निवृत्त झालेले. फौजेत आधी तारा ओढल्या, मग कॉम्प्युटर आले तेव्हा त्यांची देखभाल शिकले. उंब्रजहून पावणेआठच्या गाडीने यायचे. बूट आरशासारखे, डब्याची पिशवी डाव्या हातात, कारण उजवा हात सलामासाठी मोकळा पाहिजे. फोन उचलला की 'हॅलो'ऐवजी 'जय हिंद' म्हणायचे. एकदा मोबाइल कंपनीच्या मुलीनेही पलीकडून घाबरून 'जय हिंद' म्हटलं होतं.

आमची कंपनी औद्योगिक वसाहतीत, ट्रॅक्टरचे सुटे भाग बनवणाऱ्या एका वर्कशॉपच्या माडीवर. माणसं आम्ही नऊ. साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर चालणारा प्रोग्राम आम्ही बनवायचो. उसाची गाडी काट्यावर आली की वजन घ्यायचं, शेतकऱ्याचं नाव शोधायचं, पावती काढायची, एवढंच काम. पण प्रत्येक कारखान्याची तऱ्हा वेगळी. कुठे दहा वर्षांपूर्वीचा कॉम्प्युटर, कुठे नवाकोरा, कुठे पावतीचा प्रिंटर असा की त्याच्यापुढे हात जोडावेत. प्रोग्रामात काही बदल केला की तो या सगळ्या ठिकाणी चालतो का, हे आधी इथे बघायला लागायचं. ते बघणं हे माझं काम. म्हणून एकोणीस कारखान्यांच्या एकोणीस नकला आमच्या एका सर्व्हरच्या पोटात होत्या. त्यांना व्हर्च्युअल मशिन म्हणतात. एका खऱ्या कॉम्प्युटरमध्ये चालणारे खोटे कॉम्प्युटर. खोटे असले तरी जागा मात्र खरी खातात. एकेक मशिन चाळीस जीबीचं, आणि आमच्या सर्व्हरची सगळी डिस्क पाचशेची.

हे गणित बसत नाही, असं मी मेजरांना सांगायला गेले तेव्हा त्यांनी मला खुर्चीवर बसवलं.

"फौजेत वीस जवानांना वीस स्वयंपाकघरं असत्यात व्हय? लंगर एक आसतो. थाळी आनि मग्गा ज्याचा त्याचा. हितं बी तसंच. एक मूळ मशिन बनवायचं, त्याचं नाव लंगर. ते कवाच चालू करायचं न्हाई, त्याला हात लावायचा न्हाई. बाकीची एकोणीस त्याच्यावर जेवत्यात. त्यांच्याजवळ फकस्त त्यांचा फरक ऱ्हातो. कुणाचा प्रिंटर येगळा, कुणाची तारीख उलटी. फरकाला किती जागा लागती? पाच जीबी, सात जीबी."

एकोणीस मशिन पाचशे जीबीत आरामात बसवून वर त्यांनी जागा शिल्लक ठेवली होती, आणि त्या शिलकीचा त्यांना शेतातल्या पिकासारखा अभिमान होता. एकदा पुण्याहून परत आलेला आमचा एक सहकारी स्वतःचं ऐंशी जीबीचं मशिन घेऊन आला. मेजरांनी त्याच्याकडे 'का' मागितलं नाही. शनिवारी त्यांनी ते मशिन दाबून अकरा जीबीचं केलं आणि त्याला सांगितलं, "बाकीची हवा हुती."

शनिवारच्या या कामाला ते झाडू परेड म्हणायचे. मशिनच्या आतल्या फायली पुसल्या तरी बाहेर सर्व्हरवर त्याचा आकार तेवढाच राहतो, हे मला तोवर माहीत नव्हतं. आधी आतल्या मोकळ्या जागेत शून्यं भरायची आणि मग बाहेरून दाबायचं, तेव्हा कुठे ते आटतं. शून्यं भरून होईपर्यंत मेजर पडद्यासमोर हाताची घडी घालून बसलेले असायचे. "आत रिकामं केलं म्हणून भाईर रिकामं हुत न्हाई, ताई. मुद्दाम पिळावं लागतं."

मालकांनी एकदा वैतागून दोन हजार जीबीची नवी डिस्क आणली. मेजरांनी सलाम ठोकून ती घेतली आणि खोक्यासकट कपाटात ठेवून कुलूप लावलं. जागा वाढली की कचरा वाढतो, असं त्यांचं म्हणणं. खोक्याला चिकटवलेली टेपही कोणी काढली नव्हती.

त्यांची बायको मात्र बरोबर उलटी. मी तिला काकू म्हणायचे. एकदा साताऱ्यात डॉक्टरला दाखवायला आल्या तेव्हा दोन तास आमच्या ऑफिसात बसल्या होत्या. ठेंगण्या, कपाळभर कुंकू, मांडीवर तीन पिशव्या. आम्ही चहाबरोबर बिस्किटं दिली तर बिस्किटाचा कागद घडी घालून पिशवीत. मेजर म्हणाले, "आगं, त्यो कागद कशाला?" काकू म्हणाल्या, "असू दे." मेजरांनी माझ्याकडे बघितलं आणि आयुष्यात पहिल्यांदा मला त्यांच्या चेहऱ्यावर हार दिसली. घरात म्हणे लग्नपत्रिका, दोऱ्याचे तुकडे, लोणच्याच्या बरण्या, सगळं ठेवलेलं होतं. "घरात तिचं चालतं, हितं माजं," ते म्हणाले.

काकूंनी मला दुसराच प्रश्न विचारला. "जेवलीस का?"

"नंतर जेवेन."

त्यांनी माझ्या टेबलावरचा डबा उचलून हातात तोलला. मी तेव्हा काही बिनसलं की जेवत नसे, आणि त्या काळात बरंच काही बिनसत असे. "आसा भरल्याला डबा माघारी न्हेतीस व्हय गं? तुज्या आयनं पाच वाजता उटून भरला आसंल." त्यांनी मला समोर बसवून चार घास खायला लावले. मेजर खिडकीतून बाहेर बघत होते. या बाबतीत आपलं काही चालत नाही हे त्यांना ठाऊक असणार.

त्याच वर्षी काकूंचं पोट दुखायला लागलं. साताऱ्यातून कराड, कराडातून मिरज. मिरजेला मोठे दवाखाने, तिथे रोगाचं नाव कळलं. मेजर ऑफिसात ते नाव घेत नसत. "पोटाचं हाय" एवढंच म्हणत. दिवाळीच्या अलीकडे काकूंना मिरजेच्या दवाखान्यात ठेवलं आणि मेजरांनी पहिल्यांदाच लांबलचक रजा मागितली. जाताना सर्व्हरचा पासवर्ड मला दिला, एका कागदावर बारा सूचना लिहून दिल्या, आणि कपाटाची किल्ली नेहमीप्रमाणे स्वतःच्या जानव्यासारखी गळ्यातल्या दोऱ्यात घेऊन गेले. ती द्यायचं त्यांच्या ध्यानात आलं नाही, मागायचं माझ्या आलं नाही.

त्यांना जाऊन आठ दिवस झाले होते. गुरुवार होता. सोमवारी सांगलीकडच्या एका कारखान्याचे लोक नवा प्रोग्राम बघायला येणार होते. गळीत हंगाम तोंडावर आलेला. मी त्यांच्यासाठी मशिन तयार करायला घेतलं आणि अर्ध्यात सर्व्हर थांबला. जागा संपली. मेजर नसताना आठ दिवसांत आम्ही सगळ्यांनी मिळून 'असू दे, असू दे' करत ती भरून टाकली होती.

मी माझ्या प्रती काढल्या, दुसऱ्यांच्या काढल्या. तरी पुरेना. मग मेजरांच्या पद्धतीने मशिनांची यादी काढली, कोण किती दिवसांत चालू झालं नाही ते बघायला. सगळ्यात तळाशी होता लंगर-१. चौतीस जीबी. दोन वर्षांत एकदाही चालू नाही. आता लंगर चालू करायचा नसतो हे मला पाठ होतं. पण त्याच्या वरच लंगर-२ होता. मेमध्ये मेजरांनी तो नवा केला होता आणि तेव्हापासून आमची सगळी मशिन त्याच्यावर उभी होती, हे मी स्वतः बघितलं होतं. मग जुना कशाला? जो माणूस बिस्किटाचा कागद ठेवू देत नाही तो दोन-दोन लंगर ठेवेल? घरच्या व्यापात काढायचा राहून गेला, असं मी ठरवलं. खरं सांगायचं तर मला आनंद झाला. मेजरांची चूक मी पकडली होती.

यादीतून काढायला गेले तर सर्व्हर ऐकेना. 'वापरात आहे' असा काहीतरी संदेश आला. असले संदेश आम्ही दिवसातून वीस वेळा बघतो आणि एकही वाचत नाही. मी सरळ आतल्या कप्प्यात शिरून फाइलच पुसली. वहीत रीतसर लिहिलं: 'लंगर-१ काढला. का: जुना झाला, कोणी वापरत नाही.' कारण लिहिताना अक्षरसुद्धा चांगलं काढलं.

जागा काही वाढली नाही. मशिन सगळी मजेत चालू होती. मला वाटलं, एकदा बंद करून चालू केलं की होईल. मग मेजरांनी शिकवलं होतं तसं, घाई न करता, एकेक करून सगळी मशिन बंद केली. शेवटचं बंद झालं आणि चौतीस जीबी मोकळे झाले. मी पहिलं मशिन चालू केलं. झालं नाही. दुसरं केलं. तेही झालं नाही. सातव्या मशिननंतर मी मेजरांना फोन लावला.

मेजर दवाखान्यात फोन पिशवीत ठेवत. दुपारी एकला त्यांचा उलट फोन आला. मी रडत रडत सगळं सांगितलं. त्यांनी मधे एकच प्रश्न विचारला.

"समदी बंद केलीस?"

"हो."

मग कुणाशी तरी बोलल्यासारखं पुसट ऐकू आलं. मग ते म्हणाले, "येतो." तोवर ते मला ताई म्हणत आणि अहोजाहो करत. त्या दिवसापासून मी 'पोरी' झाले.

संध्याकाळी ते मिरजेहून साताऱ्याला आले तेव्हा दाढी वाढलेली होती. ते मी पहिल्यांदाच बघत होते. पडद्यावर नजर टाकून त्यांनी मला समजावलं. नवा लंगर हा नवा नव्हताच. तो जुन्याच लंगरावरचा चार जीबीचा फरक होता. दुसरं अख्खं मशिन कशाला बनवायचं म्हणून त्यांनी फरकावर फरक चढवला होता. ते कंजूष होते म्हणून दोन लंगर ठेवणार नाहीत, हे माझं बरोबर होतं. ते त्याहून कंजूष होते, हे माझ्या लक्षात आलं नाही.

"आनि येक," ते म्हणाले. "नाव पुसलं तरी ज्यांनी धरल्यालं आसतं त्यांच्या हातात फाइल ऱ्हाती. मशिनं चालू हुती तवर ती जित्ती हुती. तवाच तुजा फोन आला आसता तर काढली आसती मी. बंद केलीस तवा समद्यांनी हात सोडला."

लंगरची एक जोड प्रतही होती, चाळीस जीबीच्या एका जुन्या डिस्कवर. मी तिचं विचारलं तेव्हा मेजरांनी पिशवीतून ती डिस्क काढून टेबलावर ठेवली. "ह्यात आता तिचं फोटो हायती. पोटाचं. पुण्याच्या डॉक्टरला दावायचं म्हणून घातलं. दोनी बसंना." वहीत ते पान त्यांनीच मला उघडून दाखवलं. 'जोड प्रत काढली. का: घरचं.'

डॉक्टर म्हणत होते काकूंना दोन-तीन आठवडे काही धोका नाही. त्या भरवशावर मेजर राहिले. शुक्रवार, शनिवार, रविवार, सोमवार. सोमवारची पाहणी मालकांनी बुधवारवर ढकलली. मेजरांनी लंगर पहिल्यापासून बांधला. आणि मग एकोणीस कारखान्यांचे फरक, जे जुन्या लंगराशिवाय कुचकामी झाले होते, ते त्या वहीत सापडले. तीन वर्षं कुठल्या मशिनवर काय बदललं ते त्यांनी पेन्सिलीने लिहून ठेवलं होतं. आम्ही सगळे त्या वहीला हसायचो. ते वाचत होते, मी टाइप करत होते. सकाळी नऊ ते संध्याकाळी साडेपाच. घसा बसला की ते पाणी प्यायचे आणि पुढची ओळ वाचायचे. मला एकदाही चढ्या आवाजात बोलले नाहीत. त्याचाच मला जास्त त्रास होत होता.

रोज साडेपाचला ते काम थांबवत आणि डबा उघडत. भाकरी त्यांनी स्वतः थापलेली, जाड आणि कडेला करपलेली. तिचे बरोबर दोन भाग करत. अर्धी माझ्यापुढे.

"मला भूक नाही, मेजर."

"संपव आदी. मला फोन करायचाय."

मला वाटे, अन्न वाया गेलेलं यांना खपत नाही, जशी जागा वाया गेलेली खपत नाही. मी कशीबशी गिळायचे. शेवटचा तुकडा तोंडात जाईपर्यंत ते समोर बसून राहत. मग फोन घेऊन बाहेर जिन्यात जात. काकूंशी बोलत. मला इकडचंच ऐकू येई.

"न्हाई. कुणी बोललं न्हाई." मग थोडं थांबून, "व्हय. खाल्ली भाकरी. अर्धी. समदी संपवली."

ती बाई तिकडे दवाखान्यात पडली आहे आणि नवऱ्याला ऑफिसात कोणी बोललं का, तो जेवला का, याची काळजी करते आहे, असं मला वाटे आणि मान वर करवत नसे.

सोमवारी दुपारी दोनला एकोणिसावं मशिन चालू झालं. मेजरांनी वही मिटली. डबा काढला. मी म्हटलं, "आता तरी तुम्ही निघा, गाडी जाईल." ते बसूनच राहिले. मी भाकरी संपवली. त्या दिवशी ते फोन करायला जिन्यात गेले नाहीत. पिशवी उचलली. "आज समक्षच सांगतो," म्हणाले आणि गेले.

गाडी इस्लामपूरच्या पुढे होती तेव्हा काकू गेल्या. मेजर पोचले ते तासाभराने.

तेराव्याला आम्ही सगळे उंब्रजला गेलो. मी मागे उभी राहिले. त्यांनी मला बघितलं, मान हलवली. कामावर रुजू झाले त्या दिवशी मालकांनी सगळ्यांना बोलावलं आणि विचारलं, लंगर कोणी काढला? मेजर उठून उभे राहिले. "माज्याकडनं गेला, साहेब. जोड प्रत बी मीच काढली हुती." मालक म्हणाले, सर्व्हरवर कोणी काय केलं त्याची नोंद असते, ती दाखवा. मेजर म्हणाले, "नोंद बी काढली. जागा पायजे हुती."

मी तिथेच, तीन हातांवर बसले होते. तोंड उघडलं असतं तर काय झालं असतं? नोकरी गेली असती, इतकंच. घरी मी एकटीच कमावती होते, वगैरे वगैरे. कारणं माझ्याकडे पुष्कळ होती. त्या दुपारी मेजरांनी कपाट उघडलं, नव्या डिस्कच्या खोक्याची टेप काढली आणि डिस्क सर्व्हरला जोडली. त्यानंतर शनिवारची झाडू परेड झाली नाही.

पुढच्या वर्षी मालकांनी सगळं भाड्याच्या सर्व्हरवर नेलं. तो कुठे असतो आम्हाला माहीत नाही. जागा लागली की बटण दाबायचं, कारण कोणी विचारत नाही. मेजरांना सांभाळायला काही उरलं नाही. ते एका महिनाअखेरीला सलाम करून गेले. निरोप समारंभाला उरलेली बिस्किटं आम्ही फेकून दिली.

गेल्या महिन्यात ती सर्व्हरची खोली रिकामी करायची होती. तोवर ते काम माझ्या हाताखाली आलं होतं. कपाटात वही सापडली. मी तो गुरुवार शोधला. माझी ओळ तिथे नव्हती. खोडरबराने पुसलेली होती, पण मी जोर देऊन सुबक लिहिलं होतं ना, त्यामुळे कागदावर दाब राहिला होता आणि उजेडात धरल्यावर 'जुना झाला' एवढं वाचता येत होतं. तिच्यावर मेजरांच्या अक्षरात लिहिलं होतं: 'लंगर-१ गेला. का: माझी चूक.' खाली दुसरी ओळ: 'सर्व्हरची गुरुवारची नोंद काढली. का: लागणार नाही. कुठवर: कायमची.'

पुढच्या रविवारी मी उंब्रजला गेले. मेजर ओसरीवर एकटेच शेंगा निवडत बसले होते. मुलगा फौजेत, सून-नातवंडं त्याच्याबरोबर पठाणकोटला. ते खूप वाळले होते, पण बूट उंबऱ्याशी तसेच चकचकीत. आत गेले तर घर भरलेलं. फळीवर लोणच्याच्या रिकाम्या बरण्या, खिळ्याला लग्नपत्रिकांचा गठ्ठा, दोऱ्यांचे तुकडे, घडी घातलेले कागद. काकूंनी ठेवलेलं काहीही हललं नव्हतं.

"मेजर, हे सगळं का ठेवलंय? वहीत कारण लिहिलंय का?" मी म्हटलं. थट्टाच करायची होती.

"असू दे," ते म्हणाले.

मग मी जे सांगायला आले होते ते सांगितलं. "तुमचे ते चार दिवस माझ्यामुळे गेले. आणि मालकांपुढे मी गप्प बसले."

'तसं काही न्हाई पोरी' असं ते म्हणतील, अशी कुठेतरी माझी आशा होती. ते म्हणाले नाहीत.

"गेले," ते म्हणाले. "लय दिस राग हुता मला तुजा. खोटं कशाला बोलू." हातातली शेंग फोडून दाणे सुपात टाकले. "पर मला धाडलं तिनंच. तू फोनवर रडत हुतीस ते तिनं ऐकलं. मी म्हनलं, न्हाई जात. म्हनली, आवं जावा. ती लोणंदची पोरगी भरल्याला डबा माघारी न्हेती. सगळी तिला बोलत्याल आनि ती उपाशी बसंल."

मी सुपातला एक दाणा उचलला आणि तसाच हातात धरून ठेवला.

"रोज फोनवर दोनच इचारायची. पोरीला कुणी बोललं का? पोरगी जेवली का? मी तिच्याशी कवा खोटं बोललो न्हाई, आनि त्या टायमाला तर बोलवतच न्हवतं. म्हणून आदी तुला खायाला घालायचो, मंग फोन लावायचो." त्यांनी सूप बाजूला ठेवलं. "चौथ्या दिसाचं सांगायचं ऱ्हायलं तेवडं."

जिन्यातून येणारा तो आवाज मला आठवला. 'व्हय. खाल्ली भाकरी. अर्धी.' ती माझी अर्धी होती. मी ओसरीवर बसून रडले, लहान पोरीसारखी, लाज न वाटता. मेजरांनी थांबवलं नाही. रडणं आटोपल्यावर त्यांनी चूल पेटवली, भाकरी थापली, आमटी गरम केली आणि माझ्यापुढे ताट ठेवलं. या वेळी अख्खी भाकरी होती. ते समोर बसले. मी सगळं खाल्लं, आमटीची वाटी बोटाने पुसून घेतली.

त्यांनी ताट नीट बघितलं, पूर्वी डिस्कवरची शिल्लक जागा बघत तसं. ते उचलून आतल्या खोलीत गेले. आत कोणी नव्हतं. तरी त्यांचा आवाज आला, हळू, नेहमीचाच.

"व्हय. जेवली."